गाय दिली, पण तिच्या पोटाचे काय?

(मालवण येथे आपल्या कार्याच्या वार्षिक मेळाव्यात मंडळीचे सभासद व देणगीदार यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला वीस मिनिटे दिली आहेत. मी उपदेश करणारा माणूस नाही, मी गुरांचा डॉक्टर. तीस वर्षे या जिल्ह्यात नोकरी केली. देवगडपासून दोडामार्गापर्यंत किती गोठ्यांत वाकून शिरलो त्याचा हिशेब नाही. निवृत्तीनंतर आपल्या आदिवासी कल्याणाच्या कामात जमेल तसा हातभार लावतो. आज बोलायला उभा आहे तो एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी. गेल्या मेळाव्यात आपल्या खजिनदारांनी विचारले होते, "डॉक्टर, ठाकरवाडीत आपण सहा गाई दिल्या. आज तिथे तीनच कशा?"

प्रश्न रास्त होता. त्या गाई आपण सर्वांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेल्या पैशांतून घेतल्या होत्या. त्या दिवशी मी "पुढे सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. आज सांगतो. दोन गाई विकल्या गेल्या, एक मेली. जी मेली तिच्या मरणात माझा वाटा आहे.

आधी गोष्ट सांगतो, मग तिच्यामागचे शास्त्र. शास्त्र कळले नाही तर पुढच्या वर्षी आपण पुन्हा सहा गाई देऊ आणि पुन्हा तीनच उरतील.

तीन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या त्या वाडीत आपण सहा संकरित गाई पोचवल्या. ठाकर लोकांची कला आपल्याला ठाऊक आहे. पिंगुळीची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. पांगूळ बैल सजवून दारोदार जाणारेही याच समाजातले. म्हणजे गुरांची माया यांना आपण शिकवावी असे काही नाही. पण संकरित गाय या वाडीने पाळली नव्हती.

पावसाळाभर सारे छान चालले. बांधावर हिरवे गवत, ओढ्याला पाणी. गाय आठ-दहा लिटर दूध देत होती. आपल्या अंकात फोटोही आला. भाताची कापणी झाली, दिवाळी सरली, हिरवा चारा संपला आणि गाईंपुढे भाताचा पेंढा पडला. डिसेंबरच्या मध्याला एका घरच्या वयनीने मला निरोप पाठवला. मी गेलो. ती म्हणाली, "खाता खूप, पण अंगाक लागणा नाय. दूध तर आटलाच."

गव्हाण भरलेली होती, गाईचे पोट भरलेले दिसत होते, पण पाठीची हाडे वर आली होती. शेण पाहिले तर घट्ट, आणि त्यात पेंढ्याच्या लांब लांब काड्या जशाच्या तशा. गाय बसली होती, पण तोंड हलत नव्हते. मी तासभर थांबलो. त्या तासात तिने नावापुरती रवंथ केली.

मी काय सांगितले? "वयनी, हिला ताकद कमी पडते. थोडी पेज, थोडे आंबोण घाल." एवढे बोलून मी परतलो. गाय का पचवत नाही, हे मी तिला सांगितले नाही. मला घाई होती.

नाताळच्या जेवणानंतर आपल्याकडे भात उरला. आपण तो वाया घालवत नाही, वाडीवर पाठवतो. टोप जीपमध्ये चढवायला मीच हात लावला आणि बोललोही, "माणसे जेवून उरेल तो गाईंना घाला." त्या वयनीने विश्वासाने घातला. उपाशी गाईने टोपातला उरलेला सगळा भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिने खाणे सोडले. पोट तट्ट, शेण पातळ आणि आंबूस, डोळे खोल गेलेले. मला कळवायला कोणी पायी खाली आले, तोवर वेळ गेली होती. तिसऱ्या दिवशी गाय गेली.

मी पोचलो तेव्हा वयनी दारात बसली होती. रडत नव्हती. तिने एवढेच विचारले, "भात खाल्ल्यान म्हणान मेली काय?" मी हो म्हटले. ती म्हणाली, "तुमी सांगलास म्हणान घातलंय."

बंधुभगिनींनो, तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी याहून जड बोलले नाही. आणि ती मला दोषही देत नव्हती.

आता शास्त्राकडे वळू. शक्य तितके सोपे करून सांगतो.

आपण म्हणतो गाय गवत खाते. खरे पाहिले तर गवतातला धागा, म्हणजे तंतू, गाईला स्वतःला पचतच नाही. आपल्याला पचत नाही तसाच. तो तोडणारा रस गाईच्या शरीरात तयार होत नाही. ते काम तिच्या पोटात राहणारे सूक्ष्म जीव करतात. गाईच्या पोटाला चार कप्पे. त्यातला पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठी पोट. ते एक आंबवण्याचे भांडे समजा. आत हवा नाही, ऊब सुमारे ३९ अंश, आणि त्यातल्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये, म्हणजे जेमतेम वीस थेंबांत, हजार कोटींच्या घरात जिवाणू. शिवाय आदिजीव आणि बुरशी. या आदिजीवांचा शोध १८४३ साली ग्रुबी आणि देलाफों या दोघांनी लावला. बुरशीची ओळख मात्र १९७५ साली कॉलिन ऑर्पिन यांनी पटवली. तोवर तिचे पोहणारे बीजाणू पाहून शास्त्रज्ञ त्यांना आदिजीवच समजत होते. ही बुरशी पेंढ्याच्या कडक काडीत मुळासारखी शिरते आणि ती आतून सैल करते. मग जिवाणूंना आत जायला वाट मिळते.

हे जीव तंतू खातात आणि आम्ले सोडतात. ती आम्ले कोठी पोटाच्या भिंतीतून गाईच्या रक्तात जातात. तीच तिची ताकद. त्यातल्या एका आम्लापासून, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते त्याच आम्लापासून, दुधातली चरबी तयार होते. डेअरीत "फॅट लागत नाही" म्हणतात, तेव्हा पुष्कळदा गाईच्या पोटात तंतू कमी पडलेला असतो किंवा नीट पचलेला नसतो. पुढे हे जीवच चाऱ्याबरोबर वाहत चौथ्या कप्प्यात जातात आणि तिथे गाय त्यांना पचवते. तिला मिळणाऱ्या प्रथिनांतला मोठा भाग हाच. म्हणून मी म्हणतो, आपण गाईला चारा घालत नाही, तिच्या पोटातल्या या जिवांना घालतो. ते धष्टपुष्ट, तर गाय धष्टपुष्ट. ते उपाशी, तर गव्हाण भरलेली असूनही गाय उपाशी.

आणि रवंथ? लेवीयाच्या अकराव्या अध्यायात रवंथ करणाऱ्या पशूंविषयी आपण सर्वांनी वाचले आहे. निरोगी गाय दिवसाचे सहा ते आठ तास रवंथ करते. गिळलेला चारा परत तोंडात आणून दळते आणि त्याबरोबर लाळ गिळते. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरच्या पुढे लाळ तयार करते. या लाळेत सोडा असतो. पोटात तयार होणारे आम्ल तो मारतो. तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना फार आंबट चालत नाही. रसाचा सामू साडेसहाच्या आसपास असला की ते जोमाने काम करतात, सहाच्या खाली गेला की काम टाकतात. म्हणजे रवंथ थांबली, लाळ थांबली, आम्ल वाढले, तंतूचे पचन बंद.

आता त्या गाईचे काय चुकले, ते एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट चाऱ्याची. गवत कोवळे असते तेव्हा त्याचा तंतू मऊ असतो. जून होत जाते तसे त्यात लाकडाचा अंश भरतो, शास्त्रात त्याला लिग्निन म्हणतात. लिग्निन स्वतः पचत नाही आणि शेजारच्या पचणाऱ्या तंतूलाही कुलूप लावतो. आपल्याकडे सड्यावरचे गवत दिवाळीनंतर, बी गळून गेल्यावर कापतात, कारण त्याआधी वाळवायला ऊन नसते. तोवर गवताची काठी झालेली असते. भाताच्या पेंढ्यात लिग्निनबरोबर वाळूचा अंशही फार, म्हणजे सिलिका. एक गंमत सांगतो. बहुतेक चाऱ्यांत पाने जास्त पचतात आणि कांड कमी. भाताच्या पेंढ्यात उलट. पात्यांत सिलिका जास्त, म्हणून कांड बरे पचते. तेव्हा भात विळ्याने जमिनीलगत कापण्याची आपली जुनी रीत गाईच्या हिताचीच आहे. यंत्राने वरून कापले की चांगला भाग शेतातच राहतो.

दुसरी गोष्ट प्रथिनांची, आणि माझ्या मते त्या गाईचे खरे दुखणे हेच. पोटातल्या जिवांना वाढायला नत्र लागते. चाऱ्यात किमान सात टक्के प्रथिने असावीत, त्याखाली त्यांची उपासमार सुरू होते. भाताच्या पेंढ्यात प्रथिने असतात साधारण तीन-चार टक्के. नुसता पेंढा घातला की जीव कमी होतात, पेंढा पोटात पडून राहतो, बाहेर सरकत नाही. पोट भरलेले म्हणून गाय जास्त खाऊ शकत नाही आणि खाल्लेले पचत नाही. "खाता खूप, पण अंगाक लागणा नाय" याचा अर्थ हा. वयनीचे निदान बरोबर होते, मीच नीट ऐकले नाही.

तिसरी गोष्ट, मी सांगितलेली पेज आणि पाठवलेला भात. शिजलेल्या भातात पिष्ट. ते खाणारे जिवाणू वेगळे, आणि ते भराभर वाढतात. थोडे पिष्ट असेल तर बिघडत नाही. एकदम टोपभर पडले की लॅक्टिक आम्लाचा पूर येतो. सामू पाचाच्या खाली घसरतो, तंतू पचवणारे जीव मरतात, शरीरातले पाणी पोटात ओढले जाते, पोटाची भिंत पोळते. आधीच रवंथ नसलेल्या, लाळ कमी असलेल्या, उपाशी गाईला हे सोसणारच नव्हते. लग्नाचा भात, सणाची पुरणपोळी, मे महिन्यात पोटभर पिकले गरे किंवा काजूची बोंडे, सगळ्याचे दुखणे एकच. फणसाची चारखंडे थोडी घातली तर चालतात, ढीग टाकला तर नाही. असे घडलेच तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच तासाला पशुवैद्यकाला बोलवा, धान्य पूर्ण बंद करा आणि कोरडा चारा पुढे ठेवा.

चौथी गोष्ट बदलाची. हिरव्यावरून पेंढ्यावर गाय एका आठवड्यात आली. पोटातल्या जिवांची घडी नव्या चाऱ्याला बसायला दोन-तीन आठवडे लागतात. रोज थोडे जुने कमी, थोडे नवे जास्त, असे करायला हवे होते.

पाचवी गोष्ट तेलाची. आपल्या किनाऱ्यावर खोबऱ्याची पेंड सहज मिळते आणि गाईला ती आवडते. पण घाण्याच्या पेंडीत तेल बरेच राहते. एकूण खाण्यात तेलाचे प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या वर गेले की ते तंतूवर थर धरते आणि जिवाणूंनाही बाधते. भाताच्या कोंड्यातही तेल असते. तेव्हा पेंड आणि कोंडा हाताने मोजून, दोन-तीन वेळांत वाटून आणि चारा खाऊन झाल्यावर.

सहावी गोष्ट पाणी, क्षार आणि उकाडा. दुभत्या संकरित गाईला उन्हाळ्यात दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी लागते. वाडीवर हे पाणी बाईच्या डोक्यावरून येते. गाय देताना आपण रोजचे चार हंडेही तिच्या डोक्यावर दिले, हे आपल्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नव्हते. पाणी कमी पडले की गाय खाणेही कमी करते. आपल्या लाल जांभ्याच्या मातीत स्फुरद पिकाला नीट मिळत नाही, म्हणून चाऱ्यातही कमी. मग गुरे हाडे चघळतात, चिंध्या चघळतात, किनाऱ्यावर जाळ्यांचे तुकडे चघळतात. प्लास्टिक पोटात गेले तर कुठलाही जिवाणू ते पचवत नाही, ते तिथेच साठत जाते. आणि उकाडा! संकरित गाय एप्रिल-मेमध्ये धापा टाकते, लाळ गाळते. खाली गळलेली लाळ म्हणजे पोटाला न मिळालेला सोडा. दमट उकाड्यात ती खातेही कमी आणि रवंथही कमी करते.

बंधुभगिनींनो, या सहा गोष्टींतली एकही आपण गाय देताना विचारली नव्हती. गाय किती लिटरची, एवढेच विचारले होते.

मग आम्ही काय केले, ते सांगतो.

गाय गेल्यानंतर महिनाभर मला वाडीवर जायला तोंड नव्हते. शेवटी गेलो, आणि या खेपेला औषधाची पेटी न घेता चाळणी घेऊन गेलो. शेणाचा एक गोळा चाळणीत घेऊन पाण्याखाली धुतला की गाईच्या पोटातला सगळा हिशेब समोर येतो. लांब काड्या राहिल्या तर पचन नाही. अख्खे दाणे राहिले तर दाणा वाया. वाडीतल्या मुलांना हा खेळ आवडला. दुसरा खेळ रवंथ मोजण्याचा. एक घास तोंडात आल्यावर गाय तो किती वेळा चावते? पन्नास-साठ वेळा चावली तर ठीक, तीस-चाळीसवर गिळली तर चाऱ्यात काहीतरी कमी आहे. मुले आता मला फोनवर आकडे सांगतात.

पेंढा सुधारण्यासाठी युरिया प्रक्रिया केली. शंभर किलो कोरड्या पेंढ्याला चार किलो युरिया, सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. पेंढ्याचा एक थर, त्यावर झारीने शिंपण, पायाने दाबणे, पुन्हा थर. वरून ताडपत्रीने हवाबंद करून एकवीस दिवस ठेवायचे. आत अमोनिया तयार होतो, तो तंतूची कुलुपे सैल करतो आणि जिवांना नत्रही देतो. प्रथिने चार टक्क्यांवरून सातच्या वर जातात. पिशवीभर युरिया तीनशे रुपयांच्या आत येतो. कोकणात हे काम पाऊस पूर्ण गेल्यावर, डिसेंबरनंतरच करायचे, नाहीतर बुरशी धरते. काढलेला पेंढा तासभर उघड्यावर पसरून, वास उडाल्यावर घालायचा, आणि तोही हळूहळू वाढवत. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना नाही.

इथे एक सावधगिरीची गोष्ट मोठ्याने सांगतो. युरिया हे खत आहे. गाईने ते मीठ समजून चाटले, किंवा युरियाचे पाणी प्यायली, तर ती तासाभरातही मरू शकते. पिशवी गोठ्यात ठेवायची नाही. मोजमाप अंदाजाने करायचे नाही. ज्या घरी हे सांभाळणे जमणार नाही, तिथे मी ही प्रक्रिया करू देत नाही.

त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. भातानंतर ओलीवर कुळीथ पेरतात, त्याचे भूस पूर्वी बांधावर कुजायचे. ते आता जपून ठेवतात. कुळीथ, चवळी ही शेंगावर्गातली, त्यांच्या भुसात पेंढ्यापेक्षा प्रथिने पुष्कळ जास्त. कुंपणाला गिरीपुष्प लावले. ताज्या पाल्याला वास येतो म्हणून गाय आधी तोंड फिरवते. पाला सुकट करून पेंढ्यात मिसळला की हळूहळू खाऊ लागते. दसऱ्याच्या सुमाराला चार दिवस उघडीप मिळाली तर सड्याचा एक तुकडा फुलोऱ्यात असतानाच कापून घेतात. सगळे गवत तेव्हा कापता येत नाही, पाऊस फसवतो. पण दुभत्या गाईपुरते तेवढे पुरते. पेंढा दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून घालतात. कापल्याने पेंढा जास्त पचतो, अशी समजूत आहे, ती खरी नाही. पण पायदळी जाणारा चारा वाचतो आणि गाय कांडे वेचून टाकत नाही. पीठ मात्र करायचे नाही. बारीक भुकटी पोटातून भरकन पुढे सरकते आणि रवंथही कमी होते.

उरलेल्या तीन संकरित गाई आता बऱ्या आहेत. उन्हाळ्यात पाच-सहा लिटरवर टिकतात. पहिल्या पावसाळ्यातला आकडा त्यांनी पुन्हा दाखवलेला नाही, आणि मी तो मागतही नाही.

आणि ती वयनी? मी तिला सांगितले, "आपली मंडळी तुला दुसरी गाय देतील." ती म्हणाली, "माका तसली नको. आमच्या गावची गाय होयी." मी तिला समजावू लागलो की गावठी गाय दूध कमी देते. मग थांबलो. या खेपेला ऐकून घ्यायचे ठरवले होते. तिच्या भावाकडून तिने एक छोटी गाय आणली. आपल्या कोकणातल्या या लहानखुऱ्या गाईला आता "कोकण कपिला" म्हणून स्वतंत्र जातीची नोंद मिळाली आहे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले, तिथे या गाईचा अभ्यास झाला. ही गाय दोनेक लिटर दूध देते. पण सड्यावरच्या जून गवतावर आणि पेंढ्यावर जगते, उकाड्यात धापा टाकत नाही, आणि पाणी कमी लागते म्हणजे वयनीचे हंडे कमी. त्या दोन लिटरांतला एक लिटर तिची मुले पितात. पहिल्या गाईचे दहा लिटर दूध डेअरीत जात होते आणि त्याचे पैसे पेंडीच्या दुकानात. मुलांच्या वाट्याला चहापुरते येई.

मी संकरित गाईच्या विरुद्ध नाही. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला बाएफची स्थापना केली, आणि संकरित गाईने महाराष्ट्रातली हजारो घरे उभी राहिली. पण ती उभी राहिली जिथे पाणी होते, हिरवा चारा होता, डॉक्टर हाकेच्या अंतरावर होता. वाडीवर हे तिन्ही येईपर्यंत आपण घाई करू नये.

आता खजिनदारांच्या प्रश्नाचा शेवट, आणि माझी विनंती.

या वर्षी आपण आणखी दोन संकरित गाई घेण्याचे ठरवले आहे. माझी विनंती आहे की तो पैसा गाईऐवजी गाईच्या पोटावर खर्च करावा. एक हाताने चालवायचे कडबाकुट्टी यंत्र, वाडीला मिळून. सहा घरांना सहा ताडपत्र्या. युरिया मोजायला एक चांगला वजनकाटा. वर्षभराचे क्षार मिश्रण. चवळीचे बियाणे. आणि गोठ्यापर्यंत पाण्याचा एक पाइप. या यादीतला हा पाइप मी सर्वांत वर मानतो. या कशाचाच फोटो चांगला येत नाही, हे मला कबूल आहे. दारात उभ्या असलेल्या गाईचा येतो.

आणि घरोघरी करायची एक गोष्ट. यंदाही नाताळला भात उरेल. तो माणसांसाठी जरूर पाठवा, गरम असतानाच पाठवा. पण टोपावर खडूने लिहा, "गुरांना नको." हे लिहायचे काम मी माझ्याकडे घेतले आहे.

मागच्या महिन्यात वाडीवर गेलो तेव्हा वयनी गोठ्यात बसली होती. तिची गाय बसून रवंथ करत होती, डोळे अर्धे मिटलेले. वयनी म्हणाली, "डॉक्टर, मोजा बघू." मी मोजले. अठ्ठावन्न.

तुमच्या दानाचा हिशेब द्यायला उभा राहिलो होतो. एवढाच हिशेब आहे.